काय मोजू नये, याचं शास्त्र

देशाचे शाश्वत विकासाचे निर्देशक, म्हणजे प्रगती मोजायची मापं, ठरवणाऱ्या समितीवर तुमची वर्णी लागली, अभिनंदन! हे नेमकं काय काम आहे ते घरच्यांना समजावत बसू नका. "दिल्लीला मीटिंग असते" एवढं पुरे.

घाबरण्यासारखं यात काही नाही. 17 उद्दिष्टं आणि 169 लक्ष्यं संयुक्त राष्ट्रांनी 2015 सालीच ठरवून दिली आहेत. गरिबी संपवा, भूक मिटवा, समुद्र जपा. याला नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय. तुमची मौज सुरू होते ती खाली, बारीक टायपात छापलेल्या 'म्हणजे काय' या रकान्यात. तिथे तुम्ही राजे.

सुरुवात दणदणीत संख्येने करा. 29 जून 2018 रोजी, संख्याशास्त्रज्ञ महालनोबीसांच्या जयंतीला, म्हणजे सांख्यिकी दिनाला आपल्या सांख्यिकी मंत्रालयाने जी राष्ट्रीय चौकट जाहीर केली तिच्यात 306 निर्देशक होते. पुढे त्यात थोडी काटछाट, थोडी भर चालूच राहिली. दहाच निर्देशक ठेवलेत तर लोक ते पाठ करतील आणि दरवर्षी विचारतील. तीनशे ठेवलेत की विचारायला आलेला माणूस विसाव्या पानावर चष्मा काढून डोळे चोळू लागतो.

आता व्याख्या. पिण्याच्या पाण्यापासून धडा घेऊ. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या 95.9 टक्के लोकांना 'सुधारित स्रोता'चं पाणी मिळतं. माण किंवा आष्टीकडचा वाचक हे वाचून चपापेल. त्याने तळटीप वाचावी. सुधारित स्रोतांच्या यादीत नळ आहे, बोअर आहे, बांधीव विहीर आहे आणि टँकरही आहे. छोटी टाकी ठेवलेला गाडासुद्धा आहे. म्हणजे एप्रिलमध्ये वेशीवर घागरी मांडून टँकरची वाट बघत बसलेली बाई ही या आकड्यापुरती सुखी घरातली आहे. नळ कोरडा पडला की निर्देशक घसरेल असं वाटत असेल तर तुम्ही नवखे आहात. नळ गेला, टँकर आला, टक्का जागच्या जागी. एका टक्केवारीत तिच्या उन्हातल्या तासांना जागा नसते, आणि शोधायला जाऊही नका.

जंगलाचं तर याहून सोपं. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या लेखी एक हेक्टर किंवा जास्त जमीन आणि दहा टक्के किंवा जास्त झाडांची सावली असली की ते वनाच्छादन. जमीन कोणाची, झाड कुठलं, हे विचारायचं नाही. त्यामुळे देवगडची हापूसची बाग जंगलात मोडते आणि मालवणची माडांची बागही. जुनं रान तोडून तिथे कलमं लावलीत तर काही वर्षांनी उपग्रहाला पुन्हा हिरवंच दिसतं. वन आणि वृक्षाच्छादन मिळून 2023 च्या अहवालात 25.17 टक्के भरलं. 1988 च्या वननीतीतलं एक तृतीयांशाचं स्वप्न आता फार लांब नाही. उरलेलं काजूवर निभावेल. हे सगळं बिबट्याला अजून कोणी कळवलेलं नाही, पण तो काही अहवाल वाचत नाही.

गरिबीच्या बाबतीत मात्र जपून. इथे आपल्याच माणसांनी घोळ घालून ठेवलाय. 1971 साली पुण्याच्या गोखले संस्थेत अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी सरळ सांगून टाकलं: माणशी रोज 2250 कॅलरी परवडत नसतील तो गरीब. इतकं उघडं बोलल्यावर काय होणार? संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे म्हणाले, शरीर जुळवून घेतं, गरज रोज बदलते, ही रेषा चुकली. मग वर्षानुवर्षं वाद. दोन्हीकडे मोठी माणसं, दोन्हीकडे आकडेमोड चव्हाट्यावर. तुम्हाला असला ताप हवाय का?

2011 मध्ये नियोजन आयोगाने तेच केलं. शहरात दिवसाला 32 रुपये आणि खेड्यात 26 रुपये खर्च करणारा माणूस गरीब नाही, असं सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर सांगितलं. गणित बरोबर की चूक हा मुद्दा बाजूला ठेवा. चूक ही झाली की आकडा रुपयांत होता. टपरीवर बसलेल्या कोणालाही चहा, वडापाव आणि बसचं तिकीट मिळवून बत्तीसचा हिशेब घालता येत होता, आणि त्याने तो घातला. देशभर हसं झालं.

म्हणून मंडळी शहाणी झाली. आता गरिबी बहुआयामी आहे. आपल्या राष्ट्रीय निर्देशांकात 12 घटक आहेत: पोषण, शाळा, स्वयंपाकाचं इंधन, वीज, घर वगैरे. जागतिक निर्देशांकात नसलेले दोन आपण घातले, त्यातलं एक बँक खातं. खात्यात पैसे असावेत अशी अट नाही, खातं असलं की झालं. (माझ्या ओळखीच्या एका आजींचं खातं आहे. पासबुक त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलंय. शिल्लक विचारली तर हात जोडतात.) बारा घटक, प्रत्येकाला ठरलेलं वजन, शेवटी एकच टक्केवारी. आता हसून दाखवा टपरीवर!

आणि ताजी माहिती नसली तरी अडू नका. 2013-14 मध्ये 29.17 टक्के असलेली ही गरिबी 2022-23 मध्ये 11.28 टक्क्यांवर आली, 24.82 कोटी लोक तिच्यातून बाहेर पडले, असं नीती आयोगाच्या टिपणात 2024 च्या जानेवारीत आलं. या दोन्ही वर्षी सर्वेक्षण झालेलंच नव्हतं. मधल्या आणि पुढच्या वर्षांचे आकडे कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या जुन्या फेऱ्यांच्या वेगावरून काढले. पाचव्या फेरीचं अर्धंअधिक काम टाळेबंदीच्या आधी झालं होतं आणि त्यानंतर कोविड येऊन गेला. पण वेग म्हणजे वेग. एस.टी. घाटात बंद पडली तरी वेळापत्रकाप्रमाणे ती महाडला पोचलेलीच असते. शिवाय 'दर लाखामागे'तला लाख तरी कुठे ताजा आहे? मोजलेली माणसं 2011 ची, त्यानंतरची सगळी अंदाजाने जन्मलेली. पुढची गणना 2027 ला आहे. तोवर निर्धास्त राहा.

एखादा निर्देशक मात्र हट्टी निघतो. व्याख्या कशीही फिरवा, उलटाच जातो. ॲनिमिया, म्हणजे रक्तक्षय, घ्या. चौथ्या फेरीत 53 टक्के स्त्रियांना होता, पाचव्या फेरीत 57. लहान मुलांमध्ये तर 67. अशा वेळी थर्मामीटरकडे बघावं. बोट टोचून घेतलेल्या थेंबावरून हिमोग्लोबिन नीट कळत नाही, शिरेतून रक्त घ्यायला हवं, हा आक्षेप शास्त्राला धरून आहे, उगाच कशाला नाकारा. आधीच्या फेऱ्यांतही बोटच टोचलं होतं, तेव्हा कोणाचं दुखलं नाही, इतकंच. सहाव्या फेरीतून ही तपासणी वगळली आणि काम दुसऱ्या सर्वेक्षणाकडे दिलं. दोन पद्धतींचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत, त्यामुळे 'वाढला की घटला' हा प्रश्नच मिटला.

हवामानाकडे आता वळू, कारण तिथे तुमच्या पूर्वसुरींची प्रतिभा फुलली आहे. राज्यांना गुण देणारा नीती आयोगाचा पहिला निर्देशांक डिसेंबर 2018 मध्ये आला. त्यात हवामानबदल, समुद्र आणि जबाबदार उपभोग ही तिन्ही उद्दिष्टं नव्हती. राज्यवार तुलना करता येईल अशी माहिती मिळाली नाही म्हणे. पुढच्या वर्षी हवामान आलं, आणि सोबत आला तो निर्देशक ज्याला मी मनातल्या मनात नमस्कार करतो: दर हजार लोकसंख्येमागे एलईडी दिव्यांमुळे वाचलेला कार्बन डायऑक्साइड. सोडलेला नव्हे, वाचलेला! चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या चिमणीतून काय बाहेर पडतं ते चिमणीला विचारावं लागतं, आणि ती खरं सांगते. दिव्यांचं काय, वाटलेले मोजायचे, गुणिले करायचं.

गुण देताना मन मोठं ठेवा. 65 ते 99 'फ्रंट रनर', 50 ते 64 'परफॉर्मर', आणि 50 च्या खाली? 'ॲस्पिरंट', म्हणजे आकांक्षी. नापास हा शब्दच नाही. आमच्या मास्तरांना हे सुचलं असतं तर मी सातवीत दोनदा आकांक्षी ठरलो असतो.

आणि दर आवृत्तीत पट्टी थोडी बदला. पहिल्या निर्देशांकात 62 निर्देशक होते, मग 100, मग 115, मग 113. देशाचे गुण 57 वरून 60, 66 आणि 71 झाले. मथळ्यात 57 आणि 71 शेजारीशेजारी येतात, बदललेली पट्टी तळटिपेत जाते. तळटीप आठ पॉइंटातच ठेवा. कोणी फारच खोदून विचारलं तर ती मोठ्या आवाजात वाचून दाखवायची, म्हणजे प्रामाणिकपणाचंही पुण्य पदरात पडतं.

2030 जवळ येतंय म्हणून झोप उडवू नका. तोवर तुमची बदली झालेली असेल, किंवा निवृत्ती. टेबल आवरताना सत्काराची शाल, नारळ, सगळं न्या. व्याख्यांची फाइल तेवढी खणात ठेवा. नव्या माणसाला त्या बदलायच्या असतील.