घर स्वस्त व्हावं, पण माझं सोडून

3 मे 2025 ला मी ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा मत दिलं, व्हिक्टोरिया राज्यातल्या बेंडिगो शहरात, एका शाळेत. इथे मतदान सक्तीचं आहे, 1924 पासून. गेला नाहीत तर 20 डॉलर दंड. शाळेच्या दारात पालक मंडळी सॉसेज भाजून विकत होती. मी शाकाहारी, त्यामुळे ब्रेडमध्ये नुसता परतलेला कांदा. आत हिरवी मतपत्रिका आणि शिसपेन्सिल. एक शिक्का मारून सुटका नाही, सगळ्या उमेदवारांना पसंतीचे क्रमांक द्यायचे, नावडत्यालासुद्धा!

निकाल लागला तेव्हा मजूर पक्षाला पहिल्या पसंतीची मतं जेमतेम 35 टक्के आणि जागा 150 पैकी 94. विरोधी पक्षनेते पीटर डटन स्वतःच्याच मतदारसंघात पडले. मेलबर्नच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर 'एकतर्फी झाली हो' असे मेसेज फिरत होते. आमच्याकडे उलटंच. बेंडिगोची जागा 1998 पासून मजूर पक्षाची, तिथे ग्रामीण भागातला नॅशनल पक्ष जिंकता जिंकता राहिला. मेलबर्नहून इथे यायला ट्रेनने दोन तास लागतात.

असं का झालं हे मला टीव्हीवरच्या चर्चेपेक्षा हॉस्पिटलमधल्या आमच्या वॉर्डातल्या सहकारी बाईंकडून जास्त कळलं. त्यांचं शेत सेंट अर्नॉडच्या बाजूला आहे, गहू आणि मेंढ्या. पवन आणि सौर वीज वाहून नेण्यासाठी पश्चिम व्हिक्टोरियातून न्यू साउथ वेल्सकडे 500 किलोव्होल्टची लाइन जाणार आहे, 'व्हीएनआय वेस्ट'. ज्यांच्या जमिनीवरून ती जाईल त्यांना सरकार किलोमीटरमागे वर्षाला 8,000 डॉलर, 25 वर्षं देणार. बाईंचं म्हणणं, पैसे कोणी मागितले होते? एकदा रात्रपाळीत त्यांनी हातपुसायच्या कागदावर शेताचा नकाशाच काढून दाखवला. पेरणीचं यंत्र बारा मीटर रुंद, ते टॉवरला वळसा घालून कसं न्यायचं, कुठला कोपरा कायमचा पडीक राहणार, सगळं. मला त्यांचं सगळं पटत नाही. यालूर्नचं कोळशाचं वीजकेंद्र 2028 मध्ये बंद होतंय, वीज कुठून तरी आणावीच लागणार. पण माझं माहेर कोल्हापूरकडचं. शक्तिपीठ महामार्गाची मोजणी म्हटली की तिकडे काय होतं ते मला माहीत आहे. त्यामुळे आधी नकाशावर रेघ मारायची आणि मग 'चर्चेला' यायचं, याचा राग मला वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

आता घरांचं. आम्ही फेब्रुवारी 2020 मध्ये 491 व्हिसावर आलो. त्याची अटच अशी की सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून राहायचं. महिन्याभरात सीमा बंद झाल्या. बाहेरून माणूस येणं जवळपास थांबलं. तरी 2021 या एका वर्षात देशातल्या घरांच्या किमती 20 टक्क्यांहून जास्त वाढल्या! व्याजदर 0.1 टक्क्यावर होता, आणि घरून काम करणारे मेलबर्नकर लॅपटॉप उचलून इकडे येत होते. हे मुद्दाम लिहितेय, कारण 31 ऑगस्ट 2025 ला स्थलांतरितांविरुद्ध मोर्चे निघाले, त्यांच्या पत्रकात भारतीयांचं नाव घेऊन खापर फोडलं होतं. आम्ही माणसं वाढलो, घरांची मागणी वाढली, हे खरंच आहे. पण जेव्हा कोणीच येत नव्हतं तेव्हा किमती का भडकल्या, याचं उत्तर त्या पत्रकात नव्हतं.

उत्तर अवघड जागी आहे. इथे दुसरं घर घेऊन भाड्याने दिलं आणि भाड्यापेक्षा व्याज-खर्च जास्त झाला, तर तो तोटा पगारातून वजा करून कर वाचवता येतो. निगेटिव्ह गिअरिंग. 2019 मध्ये मजूर पक्षाचे तेव्हाचे नेते बिल शॉर्टन यांनी त्याला कात्री लावायचं आश्वासन दिलं आणि हातातली वाटणारी निवडणूक घालवली. कारणं आणखीही होती, पण राजकारण्यांनी धडा हाच घेतला. 2025 मध्ये मजूर पक्षाने तो विषय बाजूलाच ठेवला. पहिलं घर घेणाऱ्याला 5 टक्के डिपॉझिटवर घर, पाच वर्षांत 12 लाख नवी घरं, अशी आश्वासनं होती. किमती खाली आणू, असं मात्र दोन्ही मोठ्या पक्षांपैकी कोणीच म्हणालं नाही.

म्हणणार तरी कसं? आम्हीच मतदार ना. पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाल्यावर आम्हीही घर घेतलं. नवरा रोज सकाळी चहाबरोबर फोनवर घराची अंदाजे किंमत बघतो. वाढली की मला सांगतो आणि मीही खूश होते, खोटं कशाला बोलू? आमची मुलगी आठवीत आहे. ती पंचवीस वर्षांची होईल तेव्हा हीच वाढलेली किंमत तिच्यापुढे उभी राहणार, हे चहा संपेपर्यंत आमच्या लक्षातही येत नाही.

गेल्या महिन्यात साताऱ्याची एक मुलगी आमच्या वॉर्डात रुजू झाली. घर मिळेपर्यंत आमच्याकडेच आहे. शनिवारी तिच्याबरोबर भाड्याचं दोन खोल्यांचं घर बघायला गेले. बघायला पंधरा मिनिटं, दारात एजंट नावं टिपतोय आणि फुटपाथवर तीस-एक माणसं. माझ्या पुढे एक इथलंच म्हातारं जोडपं होतं, हातात पगाराच्या स्लिपांऐवजी पेन्शनचे कागद. आजींनी मला विचारलं, "तू पण घर शोधतेयस का?"

मी म्हटलं, "नाही, मी हिच्यासोबत आलेय." आणि रांगेतून जरा बाजूला सरकून उभी राहिले.