आईंच्या बोटात दोष नाही: एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. दुसऱ्या कुणी हे उत्तर वाचलं तर संदर्भ कळावा म्हणून तुमचंच म्हणणं थोडक्यात सांगतो. गणपतीला गावी आलात तेव्हा आईसाठी आमच्या कुडाळच्या दुकानातून फोन घेतलात. तुम्ही मुंबईला परतलात आणि आठवड्याभरात आईंचं बोट लागेनासं झालं. त्या दुकानात आल्या, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने ‘तुमच्या बोटातच दोष आहे’ असं सांगून फेस अनलॉक लावून दिला. आता तो फोन मावशीने समोर धरला तरी उघडतो, आणि बँकेचं ॲप चेहरा घेतच नाही. वर स्क्रीन-गार्डच्या काचेचे 450 रुपये गेले. शेवटी ‘चायना माल गळ्यात मारला, फसवलं’ असं लिहून एक स्टार.

पहिली माफी त्या वाक्याची. काजूच्या कारखान्यात वीस वर्षं काम केलेल्या बाईला ‘बोटात दोष’ म्हणणं हे आमच्या दुकानात व्हायला नको होतं. (आईंचं काम तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलंय म्हणून बोलतोय, नाहीतर गिऱ्हाइकाच्या घरचं मी चारचौघांत काढत नाही.) मुलाला समज दिली आहे. पण खरं सांगायचं तर चूक त्याच्याआधी माझी आहे. फोन विकताना मी तुम्हाला रॅम विचारली, बजेट विचारलं, कॅमेरा दाखवला. फोन वापरणार कोण आणि त्यांचे हात दिवसभर कशात असतात, हे विचारलंच नाही. या भागात धंदा करणाऱ्याला तरी हे सुचायला हवं होतं.

काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. हाताला राख किंवा तेल चोळून बसलं तरी वर्षानुवर्षं ते बोटांवर उतरतंच, आणि ठशाच्या रेषा झिजतात, सोलवटतात. आधारचा अंगठा लागत नाही म्हणून रेशन दुकानात ताटकळणाऱ्या बायका आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. तेच दुखणं फोनवर येणार. गवंड्यांचं तसंच, रोज ढीगभर भांडी घासणाऱ्यांचं तसंच. चांगली बाजू एवढीच की रेषा कातडीच्या आतल्या थरातून परत येतात. खोल भाजलं नसेल तर काम थांबल्यावर काही आठवड्यांत ठसा पुन्हा दिसायला लागतो. म्हणजे सुट्टीत लागलेलं बोट हंगामात लागत नाही, आणि गिऱ्हाइकाला वाटतं फोन बिघडला.

आता या फोनचं. त्याचा सेन्सर स्क्रीनच्या खाली आहे. बोट ठेवलं की स्क्रीन तिथे उजळते आणि खालचा छोटा कॅमेरा रेषांचा फोटो काढतो. रेषा पुसट असतील तर फोटोत काय येणार? त्यात मध्ये आमची काच. इथे आमची दुसरी चूक, आणि ही तुम्ही रिव्ह्यूत लिहिलेली नाही, मुलाला विचारल्यावर कळली: बोट आधी नोंदवलं आणि काच नंतर चिकटवली. खरं तर काच आधी, बोट नंतर. काच फारच जाड असेल तर तेवढ्यानेही भागत नाही.

काच-कव्हरचा प्रकार किती घोळ घालू शकतो ते 2019 मध्ये जगाने पाहिलं. सॅमसंग गॅलॅक्सी एस10 वर काही लोकांनी सिलिकॉनचं पारदर्शक कव्हर घातलं आणि फोन कुणाच्याही बोटाने उघडायला लागला. तो सेन्सर तर प्रकाशावर नव्हे, अल्ट्रासाउंडवर चालणारा, त्यातला महागडा प्रकार. पण कव्हरच्या आतल्या बाजूची नक्षीच तो ठसा म्हणून धरून बसला. कंपनीला सॉफ्टवेअर दुरुस्त करून द्यावं लागलं. तेव्हा 450 रुपयांची काच ही निव्वळ शोभेची वस्तू नाही, हे मी काच विकणारा असूनही कबूल करतो.

चेहऱ्याचं प्रकरण मी घरी करून पाहिलं. त्याच मॉडेलचा डेमो फोन घेतला, माझा चेहरा नोंदवला आणि धाकट्या भावाच्या हातात दिला. पाच वेळात दोनदा उघडला! बायको म्हणाली, “मगे? दोघांचा नाक एकच ना.” तिचं बरोबर आहे. या किमतीच्या फोनात फेस अनलॉक म्हणजे पुढच्या साध्या कॅमेऱ्याने घेतलेला सपाट फोटो. चेहरा नोंदवताना फोन स्वतःच सूचना दाखवतो की तुमच्यासारखा दिसणारा माणूस हा फोन उघडू शकेल. ती सूचना आईंना कुणी वाचून दाखवली नाही, पुढे-पुढे दाबत गेले. दाबणारे आम्हीच.

पण म्हणून ‘चेहरा म्हणजे फसवणूक’ हे मला मान्य नाही. 2017 च्या आयफोन टेनपासून ॲपल चेहऱ्यावर 30,000 हून जास्त अदृश्य ठिपके पाडून त्याची खोली मोजतं. परका माणूस फोन उघडण्याची शक्यता बोटाच्या टच आयडीत 50,000 मध्ये एक, तर फेस आयडीत दहा लाखांत एक, असं कंपनी सांगते. तिथेही जुळी भावंडं, दिसायला सारखी भावंडं आणि तेराच्या आतली मुलं यांच्या बाबतीत हा हिशोब लागू नाही, हेही तीच सांगते. गूगलच्या पिक्सेल 8 ने तर 2023 मध्ये नुसत्या पुढच्या कॅमेऱ्यावर पैशांच्या ॲपला चालेल इतका पक्का चेहरा दिला. पण हे फोन तुमच्या बजेटच्या कितीतरी वर आहेत.

बँकेच्या ॲपचं उत्तरही यातच आहे. अँड्रॉइडमध्ये या सोयींचे तीन वर्ग असतात. स्वस्त फोनातला चेहरा बहुधा सगळ्यात खालच्या वर्गात बसतो. त्याला फक्त स्क्रीन उघडायची मुभा, ॲपना तो वापरताच येत नाही. त्यामुळे बँकेचं ॲप चेहरा नाकारतंय तो बिघाड नाही. उलट मावशीच्या चेहऱ्याने फोन उघडतोय म्हटल्यावर ते नाकारतंय हेच बरं.

‘आईच्या बोटाचा ठसा दुकानात राहिला का’ असंही तुम्ही विचारलंय. नाही. ठशाची नोंद फोनमध्येच वेगळ्या बंदिस्त भागात राहते, ॲपला फक्त ‘जुळला’ किंवा ‘नाही’ एवढं कळतं. अंगठ्याच्या नकली ठशांनी खात्यातून पैसे काढल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, ती भानगड आधारशी जोडलेल्या व्यवहारांची आहे. त्यासाठी आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं. आईंचं करून ठेवा, मात्र रेशनला अंगठा लागतो तेव्हा ते तात्पुरतं उघडावं लागेल.

एक गोष्ट मात्र आजच करा. फेस अनलॉक लावताना आईंना आमच्या मुलाला पिन सांगावा लागला असणार, त्याशिवाय फोन चेहरा नोंदवत नाही. मुलगा सरळ आहे, तरीही तो पिन बदला, सहा आकडी ठेवा, आणि आईंना तोंडपाठ होईल असा ठेवा. कारण आपल्याकडे लाईट जाते, चार्जिंग संपून फोन बंद पडतो, आणि परत चालू झाला की त्याला ना बोट चालतं ना चेहरा, पिनच लागतो. एरवीही तो अधूनमधून मागतोच. नवा पिन इथे किंवा मला फोनवर सांगू नका.

‘चायना माल’बद्दल वाद घालत नाही, पण हा फोन खराब नाही. तो आईंसाठी चुकीचा आहे. कंपनी चालू केलेला फोन परत घेत नाही, हे मुलाने सांगितलं ते खरं आहे. त्यामुळे बदल मी दुकानाच्या खिशातून करतो: फोन बिलाच्या किमतीत परत घेईन आणि बाजूच्या बटणावर सेन्सर असलेला फोन देईन. तो सेन्सर बोटाला थेट टेकतो, मध्ये काच येत नाही. किमतीत फरक पडला तर तेवढा तुम्ही द्या. पण आधी डेमो पीसवर आईंची बोटं लावून बघू. टरफल सोलताना कमी वापरात येणारं बोट, बहुधा डावी करंगळी किंवा तिच्याशेजारचं, आणि तेच दोनदा नोंदवू. नाहीच लागलं तर तुमचा फोन बदलायचा नाही, पिनवरच ठेवायचा. उगाच खर्च नको. काचेचे 450 रुपये दोन्ही बाबतीत परत.

आईंना एकटीला यायला लावू नका, मावशींनाही पाठवा, म्हणजे चेहऱ्याची परीक्षा तिथेच होईल. मी संध्याकाळी पाचनंतर काउंटरवर असतो. बिल सापडत नसेल तर राहू दे, आमच्या वहीत नोंद आहे.