“सवय होईल” हे आमचं उत्तर चुकलंच

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू मी दोनदा वाचला. दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की मिनी ट्रॅक्टरचा क्लच दगडासारखा आहे, चार एकर द्राक्षबागेची फवारणी झाली की डावा गुडघा धरतो, दोन ब्रेकच्या मधल्या फटीत गमबूट अडकतो आणि शोरूमला फोन केला तर “सवय होईल” असं ऐकायला मिळतं. म्हणून ट्रॅक्टर परत घ्या आणि पैसे द्या.

आधी त्या “सवय होईल”बद्दल. गुडघा दुखतोय म्हणणाऱ्या माणसाला असं उत्तर द्यायचं नसतं. त्याबद्दल मी मनापासून माफी मागतो.

परवा मिस्त्रीला घेऊन मी तुमच्या बागेत आलो, तेव्हा जे सापडलं ते इथे उघडच लिहितो. क्लचच्या पॅडलची दांडी ज्या बुशात फिरते, तिथे ग्रीसच नव्हतं. ते डिलिव्हरीआधी आम्ही भरायला हवं होतं. त्यात औषधाचं पाणी उडून पिनेवर गंज चढला होता. पिन साफ करून ग्रीस भरल्यावर पॅडल किती हलकं झालं, ते तुम्ही स्वतः दाबून पाहिलंत. सीटही पार पुढच्या खाचेत होती. तुमच्या उंचीच्या माणसाचा गुडघा तिथे बसल्यावर स्टिअरिंगला लागतो आणि सगळा जोर गुडघ्यातूनच लावावा लागतो. आपण सीट दोन खाचा मागे घेतली. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहतोय, म्हणजे ती आता बरोबर बसली आहे.

पण खरी चूक विकतानाच झाली होती. 9 फुटी ओळीत ट्रॅक्टर बसेल का, 600 लिटरचा ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, ओढेल का, हे तुम्ही विचारलंत आणि आम्ही नीट सांगितलं. पायाचं मात्र कुणीच काढलं नाही. तुमच्या ओळी साधारण 200 फुटांच्या आहेत. 9 फुटी अंतराने चार एकरात अशा जवळजवळ 97 ओळी होतात. प्रत्येक वळणावर दोन-तीनदा क्लच धरला, तर एका फवारणीत दोनशे ते तीनशे वेळा होतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनी रोगाच्या भीतीने आपण दिवसाआड बागेत असतो. शोरूमच्या फरशीवर चप्पल घालून एक चक्कर मारणाऱ्याला यातलं काय कळणार?

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली होती. तुमचा ट्रॅक्टर सिंगल क्लचचा आहे. पॅडल दाबलं की चाकाबरोबर पीटीओही, म्हणजे ब्लोअर फिरवणारा मागचा दांडाही, सुटतो, ब्लोअर मंदावतो आणि क्लच सोडला की तो भार पुन्हा उचलावा लागतो. ड्युअल क्लचमध्ये अर्धं दाबलं तर ट्रॅक्टर थांबतो, पण पीटीओ फिरत राहतो. फवारणीच जास्त असणाऱ्याला हा फरक आधी दाखवायलाच हवा.

अमेरिकेतल्या छोट्या ट्रॅक्टरच्या व्हिडिओंचा उल्लेख तुम्ही केलात. ते बहुतेक हायड्रोस्टॅटिक असतात. इंजिन तेलाचा पंप फिरवतं आणि त्या तेलाच्या दाबावर चाकं फिरतात. मागे-पुढे जायला क्लच धरावा लागत नाही. काहींना पुढे आणि मागे अशी दोन वेगळी पॅडलं असतात, काहींना एकच झुलतं पॅडल, म्हणजे चवड्याने पुढे आणि टाचेने मागे. गवत कापायला, लोडर चालवायला ते फार सोयीचं. पण त्यात इंजिनाची थोडी ताकद तेलात जाते आणि किंमतही वाढते. आमच्याकडे तसं मॉडेल नाही, त्यामुळे मी त्याचं आश्वासन देत नाही.

ब्रेकबद्दल एक कळकळीची विनंती आहे. गावातल्या वेल्डरकडून पॅडलला पट्टी जोडून घेणार असं तुम्ही म्हणालात, ते कृपा करून करू नका. जोड रस्त्यावर सुटला तर हाताशी काहीच उरत नाही. बागेत तंग वळणासाठी डाव्या-उजव्या चाकाचे दोन्ही ब्रेक सुटे ठेवा, पण डांबरीवर येण्याआधी दोन्ही पॅडलं एकत्र धरणारी, ट्रॅक्टरचीच जोडपट्टी लावाच. सुट्या ब्रेकवर एकच चाक धरलं गेलं, की वेगातला ट्रॅक्टर गर्रकन फिरतो आणि उलटूही शकतो. गमबुटासाठी अरुंद तळव्याचा बूट घालून पाहू, तो मी आणून देतो. आणि दादा, ओळीतून जाताना तुमचा डावा पाय क्लचवरच टेकलेला असतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. त्याने प्लेट झिजते आणि पायालाही आराम मिळत नाही. पाय बाजूच्या फळीवर ठेवा.

पैसे परत करण्याबद्दल खरं ते सांगतो. पासिंग झालेला ट्रॅक्टर मला नवा म्हणून विकता येत नाही, म्हणून पूर्ण रक्कम देणं जमणार नाही. पण 15 दिवस असाच चालवून पाहा. तरीही गुडघा दुखला, तर ड्युअल क्लचच्या मॉडेलशी बदलून देईन. चाललेल्या तासांची घट तुमच्यासमोर बसून काढू आणि त्यात माझा नफा धरणार नाही.

या सोमवारपासून आमचा डेमो ट्रॅक्टर ब्लोअर भरून थेट घेणाऱ्याच्या बागेत जाईल. गमबूट घालून निदान दहा ओळी मारल्याशिवाय आम्ही बुकिंग घेणार नाही. ड्युअल क्लचवाला तुमच्या बागेत कधी आणू, तेवढं फोनवर कळवा.