रकमेचा कोरा रकाना

“आफ्रिकेला कितीही पैसा द्या, तिथले लोकच भ्रष्ट, त्याला कोण काय करणार?” हे वाक्य मी सांगलीत शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. ते मला मुळीच पटत नाही.

मोझांबिकमध्ये काय घडले ते पाहा. २०१३ आणि २०१४ मध्ये तिथल्या तीन सरकारी कंपन्यांनी ट्यूना मासेमारीच्या बोटी आणि किनाऱ्याची सुरक्षा या नावाखाली परदेशी बँकांकडून सुमारे २०० कोटी डॉलरचे कर्ज उचलले. त्याला सरकारची हमी होती, तरीही त्यातला मोठा भाग संसदेपासून आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपासून लपवून ठेवला गेला. २०१६ मध्ये प्रकरण उघडकीस आल्यावर नाणेनिधीने आणि देणगीदार देशांनी अर्थसंकल्पाला मिळणारी मदत थांबवली, चलन घसरले, महागाई भडकली, आणि ज्यांनी या कर्जातला छदामही पाहिला नव्हता त्यांना रोजच्या खाण्यापिण्यासाठी जास्त पैसे मोजावे लागले. माजी अर्थमंत्री मॅन्युएल चांग यांना २०२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोषी ठरवण्यात आले, हे योग्यच झाले. पण कर्ज उभे करून देणाऱ्यांत क्रेडिट स्विस ही स्वित्झर्लंडची नामांकित बँक होती, तिच्या माजी अधिकाऱ्यांनी अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला, आणि २०२१ मध्ये तडजोडीपोटी बँकेला सुमारे ४७.५ कोटी डॉलर भरावे लागले. मग भ्रष्ट फक्त ‘तिथले लोक’ कसे? जर्मनीत तर परदेशी अधिकाऱ्याला दिलेली लाच १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत धंद्याचा खर्च म्हणून करातून वजा करता येत असे.

माझ्या मते या सगळ्याचे मूळ आकडा लपवता येण्यात आहे. युगांडात १९९१ ते १९९५ या काळात प्राथमिक शाळांसाठी सरकारने पाठवलेल्या विद्यार्थीनिहाय अनुदानापैकी सरासरी १३ टक्केच शाळेपर्यंत पोहोचत होते, असे पाहणीत आढळले. त्यानंतर कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम पाठवली हे वर्तमानपत्रांत छापले जाऊ लागले आणि शाळेला मिळालेल्या रकमेचा आकडा शाळेतच लिहून लावण्याचा दंडक आला. २००१ पर्यंत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले. त्याच काळात इतरही सुधारणा झाल्या, त्यामुळे सगळे श्रेय छापील आकड्याला देता येणार नाही. तरी पालकांना आणि मुख्याध्यापकांना जाब विचारण्यासाठी हातात काहीतरी मिळाले, हे मला फार मोलाचे वाटते.

आपल्या जत तालुक्यात, जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहण्यात बायाबापड्यांचा दिवस जातो, तिथे पाण्याच्या टाकीच्या एका कामावरची पाटी मी पाहिली. कामाचे नाव होते, योजनेचे होते, ठेकेदाराचेही होते. अंदाजपत्रकीय रक्कम आणि काम पूर्ण करण्याची मुदत हे दोन रकाने मात्र कोरे. टक्केवारीची चर्चा चहाच्या टपरीवर सगळे करतात, परंतु इस्टिमेट आणि मोजमाप पुस्तक, म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या कामाची नोंदवही, कोणी मागत नाही. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आपल्या हातात आहे.

येत्या ग्रामसभेत मी लेखी मागणी करणार आहे: गावातल्या प्रत्येक कामाची मंजूर रक्कम, अदा झालेली बिले आणि उरलेले काम ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत रंगवून लावावे. ज्यांना हे पटते त्यांनी आपापल्या गावात हाच ठराव मांडावा. मसुदा हवा असल्यास मी पाठवीन.