‘फी घेतली, तरी लायसन्स गेलंच’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमच्या तक्रारी अशा: फी घेऊनही गाडी चालवायला 6 महिन्यांची बंदी आलीच, लायसन्सवर 12 पॉइंट (वाहतुकीच्या गुन्ह्यांचे दंडगुण) होऊनही मित्राचं लायसन्स मात्र वाचलं, फोनला आठवडाभर उत्तर नाही, आणि पॉइंट बायकोच्या नावावर टाकायचा ‘साधा उपाय’ सुचवला तर मॅडम भडकल्या.

फोनचं आधी. कोर्टाची तारीख डोक्यावर असताना कुणालाही आठवडाभर ताटकळत ठेवणं चूकच. मनापासून माफी मागते.

बाकीचं जपून लिहावं लागेल. अशिलानं स्वतः सगळं चारचौघांत सांगितलं, तरी सॉलिसिटरला, म्हणजे माझ्यासारख्या वकिलाला, ते बोलता येत नाही. तुम्ही आमचे अशील होतात की नाही, हेही मी इथे सांगणार नाही. नियम काय आहे तेवढं लिहिते.

इंग्लंडमध्ये 3 वर्षांतल्या गुन्ह्यांचे 12 पॉइंट झाले की किमान 6 महिन्यांची बंदी ठरलेली. ती टाळायची तर ‘एक्सेप्शनल हार्डशिप’, म्हणजे नेहमीपेक्षा फार वेगळे हाल, कोर्टाला पटवावी लागते, तीही शपथेवर. सगळा जोर त्या ‘एक्सेप्शनल’वर. लायसन्स गेल्यावर हाल होणारच, शिक्षा त्यासाठीच असते. नोकरी जाईल, एवढंही एकटं पुरत नाही. मॅजिस्ट्रेट विचारतात, ट्रेन नाही का? टॅक्सी? घरात दुसरं कुणी चालवत नाही? लंडनजवळच्या आमच्या स्लावमधून एलिझाबेथ लाइन ही रेल्वे जाते, त्यामुळे इथल्या माणसाला ट्रेनचा प्रश्न हमखास येतो, आणि ‘सवय नाही’ हे काही उत्तर नव्हे. वजन पडतं ते इतरांच्या हालांचं. आईला डायलिसिसला न्यायला दुसरं कुणीच नाही, किंवा तुमची गाडी थांबली की हाताखालच्या चौघांचा पगार थांबतो. तेही नुसतं बोलून नाही, हॉस्पिटलच्या तारखा, बँकेची स्टेटमेंट्स असं सगळं समोर ठेवून. तुमच्या मित्राकडे काय होतं मला माहीत नाही. पण जे कारण सांगून तो सुटला, तेच कारण पुढची 3 वर्षं त्याला पुन्हा वापरता येणार नाही, हे त्याला जरूर सांगा.

आता तो ‘साधा उपाय’. ख्रिस ह्यून यांचे स्पीडिंगचे पॉइंट 2003 मध्ये त्यांच्या बायकोनं, विकी प्राइस यांनी, स्वतःवर घेतले. पुढे ह्यून ब्रिटनचे मंत्री झाले, प्रकरण उघडकीस आल्यावर मंत्रिपद गेलं, आणि 2013 मध्ये दोघांनाही 8-8 महिन्यांची कैद झाली. 3 पॉइंटांसाठी! असं कुणीही सुचवलं तर मी भडकणारच, आणि त्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही.

फी किंवा कामाबद्दल तक्रार असेल तर आम्हाला लेखी कळवा. 8 आठवड्यांत समाधान झालं नाही तर लीगल ऑम्बड्समनकडे (वकिलांबद्दलच्या तक्रारी ऐकणारी संस्था) जाता येतं, तिथे पैसे लागत नाहीत.

अभिप्राय राहू द्या हवा तर. त्यातलं बायकोबद्दलचं वाक्य मात्र आजच काढून टाका. या सल्ल्याची फी नाही.