ताट नव्हे, पाट मागितला होता

सध्या जळगाव-धुळ्याकडच्या फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'लहान मुलांचे कान मोठ्यांपेक्षा तीक्ष्ण असतात. गोंगाटातही त्यांना सगळं ऐकू येतं. ऐकलं नाही तर नाटक समजा. गोंगाटातच अभ्यासाला बसवा, सवय होते.' आमच्या काकांनी तो तीनदा पाठवला, म्हणून हे लिहायला बसलो.

कान तीक्ष्ण, हे अर्धं खरं. आपल्याला चाळिशीनंतर न येणारे उंच, बारीक आवाज पोरांना ऐकू येतात. पण कालव्यातून शब्द वेचणं हे कानापेक्षा मेंदूचं काम, आणि ते शिकायला वर्षं जातात. पंख्याच्या एकसुरी घरघरीत ९-१० वर्षांचं पोर मोठ्यांच्या जवळपास पोचतं. शेजारी दोघं बोलत असले, तर हेच किशोरवयापर्यंत लांबतं.

'नाटक' म्हणणाऱ्यांसाठी घरचाच किस्सा. मागच्या दारी भरितासाठी वांगी ठेचणं चाललेलं, आत टीव्ही. आजी भाच्याला म्हणाली, "पाट आण." सहा वर्षांच्या त्या पोराने धावत जाऊन ताट आणलं. आजी उखडली, "बहिरा व्हयना का रे?" बहिरा कसला! गोंगाटात प, त, क यांतला फरक आधी पुसला जातो. प आणि ब यांतला त्यामानाने टिकतो. मलाही बहुधा '-आट आण' एवढंच आलं होतं. पण आजी खाली बसायला टेकतेय हे मी पाहिलं आणि उरलेलं अक्षर स्वतःच भरलं. भाच्याने जेवणाची वेळ पाहून त्या जागी 'त' भरला. लक्ष नसतं तर तो उठलाच नसता.

ओरडूनही फार साधत नाही. ओरडताना 'आ' फुगतो, 'प' तेवढा फुगत नाही.

आता 'सवय'. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली वर्गातल्या गोंगाटासाठी ३५ डेसिबलची मर्यादा सुचवली. बाईंचा आवाज गोंगाटापेक्षा निदान १५ डेसिबल वर हवा, असं श्रवणतज्ज्ञ सांगतात. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. वर्गात भिंती थोडा सावरतात, पण घुमून अक्षरं एकमेकांत मिसळवतातही. पत्र्याच्या शाळेवर श्रावणसर कोसळत असताना मागच्या बाकावर काय पोचत असेल? पोरांना सवय होते ती ऐकणं सोडून देण्याची.

काका, टीव्ही बंद करा, जवळ जाऊन बोला आणि 'काय ऐकलंस?' असं विचारा. शांत खोलीतही पोर सारखं 'काय?' म्हणत असेल, तर कान तपासून घ्या. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचलेलं असू शकतं.