पायांना कोण सांगणार?

गेल्या पोळ्यानंतर आठ दिवसांनी मी येझदी मोटारसायकल देऊन बुलेट घरी आणली. विकली नाही, विकत घेतली नाही, बदलवली. आमच्याकडं बैल बदलवतात तशी. सकाळी निघताना बायकोला सांगून गेलो होतो की आज हे खटारं एकदाचं काढून येतो. तिनं खुशीत पोहे केले, वरून शेव टाकली. संध्याकाळी अंगणात दुसरं खटारं उभं. हात पुसत ती बाहेर आली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "अवो, तुमी तं म्हातारी देऊन म्हातारीच आनली. हिचे दात तरी पाह्यले का?"

येझदी बाबांची. एकाधिकार कापूस खरेदीच्या, म्हणजे कापूस सरकारलाच विकायच्या काळात एका वर्षी चुकाऱ्याचा पैसा बरा आला, तेव्हा घेतलेली रोडकिंग. दोन बाजूंना दोन सायलेन्सर, अडीचशे सीसी, आणि किक नि गिअर एकाच दांड्यात. दांडा आत दाबून वर उचलला की किक, गाडी सुरू झाल्यावर पुढं पाडला की गिअर. म्हणजे एकच गडी नांगराला, तोच तण काढायच्या डवऱ्याला. आधी या गाड्या जावा नावानं निघायच्या, १९७३ पासून येझदी झाल्या, आणि १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. तेव्हापासून आमच्या मिस्त्रीनं जे मिळेल ते बसवून ती चालवत ठेवली. तिच्यात एक वॉशर सायकलचा आहे नि एक स्प्रिंग फवारणीच्या पंपाची.

पेट्रोलमध्ये लिटरला चाळीस मिली ऑइल टाकायचं. हे ऑइल माझ्या हातरुमालाला, दुपट्ट्याला, लग्नाच्या कोटालाही लागलेलं आहे. नातेवाइकांच्या लग्नात आम्ही मांडवात शिरायच्या आधी आमचा वास शिरायचा. पावसाळ्यात आमची काळी माती मागच्या मडगार्डात अशी गच्च बसायची की चाकच फिरेना. मग तुराटी घेऊन रस्त्याच्या कडेला बसायचं नि माती कोरायची. अशी अर्धा-अर्धा तास कोरलेली माती जमा केली असती तर वावराचा एक धुरा, म्हणजे बांध, झाला असता.

तर ही गाडी द्यायची, एवढं ठरलं होतं. गिऱ्हाईक निघाले शेजारच्या गावचे रिटायर गुरुजी. त्यांच्याकडं जुनी बुलेट, तीनशे पन्नासवाली, उजव्या बाजूला गिअर असलेली. गुरुजींचे गुडघे गेले. किक झेपेना. माझी किक त्या मानानं फुलासारखी. मी तिकडं फक्त येझदीचा सौदा करायला गेलो होतो, हे मी आजही देवाशपथ सांगतो. पण गुरुजींनी पोराकडून बुलेट सुरू करून घेतली, आणि ती गोठ्यापुढं उभी राहून डुगडुगू लागली. दोन डुगांच्या मधे इतकी जागा, की माणसाला वाटावं आता बंद पडते. तेवढ्यात पुढचा डुग. मी ऐकतच बसलो. चहा गार झाला.

सौदा गुरुजींनी जुन्या रीतीनं केला. आयुष्यभर पाढे शिकवले, पण बाप त्यांचा बैलबाजारातला दलाल. खांद्यावरचा दुपट्टा काढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि आतून माझी बोटं धरली. आधी पूर्ण पंजा नि चार बोटं. मी पंजा ठेवला, चार सोडली. त्यांनी दोन परत धरली. सात हजार वरून, माझ्याकडून. बाहेर पाहणाऱ्याला वाटावं दोन माणसं हातात हात घालून देवाचं नाव घेऊन राह्यले. मग फॉर्म २९ नि ३० वर सह्या झाल्या.

बुलेट १९५५ पासून मद्रासला बनायला लागली, येझदी म्हैसूरची. दोघी दक्षिणेकडच्याच सुना, पण घरची रीत एकदम उलटी. येझदीचा गिअर डाव्या पायात, ब्रेक उजव्या. हिचा गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. तिचा पहिला गिअर खाली, हिचा वर. गुरुजींनी समजावून सांगितलं, मी मान हलवली. डोक्याला समजलं. पण सव्वीस वर्षं उजव्या पायानं ब्रेक दाबला होता. त्या पायाला कोण सांगणार?

फाट्यावर म्हैस आडवी आली. मी जीव खाऊन उजवा पाय दाबला. बुलेटचा दुसऱ्याचा तिसरा झाला. मी आणखी दाबला, तिसऱ्याचा चौथा. गाडी बिचारी सांगितलेलं ऐकत होती. म्हशीनं अक्कल वापरून रस्ता सोडला, मी पण सोडला, आणि धुऱ्यावरून सरळ कोणाच्या तरी कपाशीच्या पराटीत घुसलो. दोन ओळींमधून वीसेक फूट गेल्यावर ती चिखलात आपोआप थांबली. वावरवाला धुऱ्यावर बसून शिदोरी खात होता. तो उठलाही नाही. म्हणाला, "भाऊ, आमची डवरन झाली हाय. तुमी कायले तरास घेता?"

किक हा आणखी वेगळा विषय. हिला लाथ मारायची नसते, विचारायचं असतं. आधी किक हळू दाबत न्यायची, अडली की थांबायचं. पुढं हेडलाइटच्या डोक्यावर घड्याळासारखा अँपिअरचा काटा असतो, तो मधोमध आला का ते पाहायचं. मग डाव्या मुठीजवळचा लहान खटका ओढून सिलिंडरची हवा सोडायची, किक जराशी पुढं सरकवायची, खटका सोडायचा, किक वर येऊ द्यायची, आणि मग एकाच दमात खाली. इतकं सगळं जमलं तर पहिल्या किकेत सुरू. यातलं एक चुकलं तर किक उलटी येते, आणि ती माणूस ओळखत नाही. तिसऱ्या दिवशी माझा घोटा भोपळ्याएवढा झाला. आईनं आंबेहळद लावली आणि म्हणाली, "तुह्या बापाच्या गाडीनं त्याले कधी लाथ नाही मारली."

शेजारचं दहा वर्षांचं पोरगं मात्र काटा पाहण्यात माझ्यापेक्षा तयार झालं. रोज सकाळी मी किकेवर उभा, तो टाकीवर वाकलेला. "काकाजी, आला आला... गेला." शाळेत कसा आहे विचारू नका.

भाचा विचारतो, "मामाजी, बटन दाबलं का सुरू होते, मंग हे कायले?" त्याची नवी गाडी पानठेल्यावर उभी असते तेव्हा तिच्याकडं कोणी ढुंकून पाहत नाही. माझी उभी राहिली की चार माणसं उकिडवी बसतात, एक जण इंजिनाला कान लावतो, एक जण सांगतो टॅपेटचा आवाज आहे, दुसरा म्हणतो नाही, चेनचा. पाऊण तास जातो. आमच्या मुलखाला हे रक्तातच आहे. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन आमची शकुंतला रेल्वे, यवतमाळकडची ती लहान रुळांची गाडी, १९९४ पर्यंत ओढत होतं. त्या गाडीतून उतरून माणसं बाजूच्या वावरात जाऊन येत आणि पुन्हा चढत, असं आमचे म्हातारे शपथेवर सांगत. तिथं माझं एक इंजिन म्हणजे काय?

दिवाळीआधी दिग्रसच्या बाजारात मी एका कडेला काटा पाहत उभा होतो, तेवढ्यात ओळखीचा आवाज आला. आवाजाआधी वासच. गुरुजी माझ्या येझदीवर. समोर हातगाडी आली. गुरुजींनी ब्रेक म्हणून डावा पाय दाबला. येझदीचा गिअर खाली पडला, इंजिन किंचाळलं, मागचं चाक फरफटलं, आणि गुरुजी रिकाम्या बारदान्याच्या ढिगावर अलगद आडवे झाले. धोतराला मातीसुद्धा लागली नाही.

मी लंगडत गेलो. ते पडल्यापडल्याच म्हणाले, "भाऊ, तुमच्या गाडीचा बिरेक कोन्या पायात हाय?"

"उजव्या, गुरुजी."

"आन् माह्या गाडीचा?"

"डाव्या."

त्यांनी उठून पोटरी चोळली. मी घोटा चोळला. चहा सांगितला. चहा येईपर्यंत ते बुलेटच्या टाकीवरून हात फिरवत राहिले, आणि मी येझदीपाशी खाली बसलो. कार्बोरेटर त्यांनी रॉकेलनं धुऊन चकचकीत केला होता. फवारणीच्या पंपाची स्प्रिंग तशीच होती. कोणी काही बोललं नाही.

चहाचा कप खाली ठेवून गुरुजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढला. मी हात पँटीला पुसला आणि पुढं केला.